दोन मिनिटं अकरा सेकंद

चैत्र अर्धा सरला की आमच्या अकोल्यात सकाळ आठ वाजताच संपते. मग उरतं ते नुसतं ऊन. कूलरच्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत आटतं, कडुनिंबाचा मोहर अंगणभर सांडतो, आणि जुन्या शहरातल्या प्रत्येक छतावर बाजा, जुनेरं, मेणकापडं निघतात. वाळवणाचा हंगाम. ज्या उन्हाला दिवसभर शिव्या घालायच्या, त्याच्याच भरवशावर वर्षाचे पापड आणि कुरोड्या, म्हणजे कुरडया, करायच्या, असा आमचा व्यवहार आहे.

यंदा मी दोन वर्षांनी गहू भिजवले. तीन दिवस पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला, निवळू दिला, आणि पहाटे छतावर शेगडी पेटवून एकटीच तो शिजवत, घोटत हाटायला बसले. वय चौसष्ट. दंडात जोर नाही. चिकाने गुठळ्या धरल्या. घाम पुसायला थांबले आणि सवयीने फोन हातात घेतला, तर पडद्यावर रंगीत फुगे उडत होते. ‘दोन वर्षांपूर्वी, याच दिवशी.’ फुग्यांच्या खाली बेबी. हातात वल्ह्याएवढा लाकडी कलथा, धुराने बारीक झालेले डोळे, आणि कोपऱ्यात वेळ लिहिलेली. दोन मिनिटं अकरा सेकंद.

हा व्हिडिओ माझ्याकडे नाही, असं मी दोन बायकांना तोंडावर सांगितलेलं आहे. फोनला ते माहीत नव्हतं. त्याने आपले फुगे उडवले.

आमच्या गल्लीत कुरोड्या एकटीने करायची रीत नव्हती. आज माझ्याकडे, परवा तुझ्याकडे, असं चालायचं. छत माझं, कारण ते सगळ्यांत मोठं आणि त्यावर दुसऱ्या घराची सावली पडत नाही. दंड बेबीचा. बेबी ही गल्लीच्या तोंडाशी बसणारी फुलवाली. मोर्णा नदीच्या अलीकडे तिच्या घरचा झेंडू-गुलाबाचा तुकडा होता, आणि लहानपणापासून रहाटावर, मोटेवर, फवारणीच्या पंपावर तिचा हात असा तयार झालेला की दोन पायल्यांचा चीक ती न थांबता हाटायची आणि वर गप्पाही मारायची. आणि सोऱ्या हमीदाचा. हमीदा समोरच्या घरातली, शिवणकाम करणारी. तिच्या सासूच्याही सासूचा पितळी सोऱ्या, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. त्यातून कुरोडीची तार शेवटपर्यंत एकसारखी पडायची. ईदेच्या शेवयांपुरता तो तिच्या घरी, बाकी चैत्र-वैशाख आमच्या छतावर.

पुढे सभांमधून याला भाईचारा वगैरे मोठमोठी नावं दिलेली ऐकली. आम्ही त्याला कुरोडी म्हणत होतो. हमीदाचा सोऱ्या चांगला होता, एवढंच. बेबीचं आणि तिचं नळाच्या पाण्यावरून वर्षाला दोनदा तरी वाजायचं, आणि मग आठ-आठ दिवस एकमेकींशी बोलणं माझ्यामार्फत चालायचं.

दोन रिती मात्र कोणी मोडत नसे. एक म्हणजे, चीक उतरला की पहिली वाटी हाटणारीची. दूध-साखर घालून किंवा तेल-तिखट घालून, जशी तिला आवडेल तशी. आणि दुसरी रीत तर घरोघरचीच आहे. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकायची. माझी वाटी बेबीकडून परत यायची ती मोगऱ्याची दोन फुलं घेऊन. मी ती केसात घालून शाळेत शिकवायला जायची आणि चौथीच्या मुली माझ्याजवळ येऊन वास घ्यायच्या.

त्या वर्षी देशाची निवडणूक होती, आणि ती आधी आली ती फोनमध्ये. गावात अजून एकही भोंगा वाजला नव्हता. आमचा निवृत्त शिक्षकांचा एक ग्रुप आहे. सकाळी सहाला गुलाबाच्या फुलावर ‘शुभ प्रभात’ पाठवणारी ही मंडळी सव्वासहाला कुणाचं तरी डोकं गाढवाच्या धडाला चिकटवून पाठवू लागली. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखनासाठी छड्या मारलेली माणसं. त्यांना ते चित्र कुणी बनवलं, कुठून आलं, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘जसं आलं तसं पाठवलं.’ या चार शब्दांवर त्या उन्हाळ्यात केवढं पाप धुतलं गेलं! मला ते शब्द अजून कुठे दिसले की तोंड कडू होतं.

आणि चित्रं विनोदी असायची, हे कबूल केलं पाहिजे. मीही हसले आहे. या बाजूचं आलं की त्या बाजूच्या लोकांवर हसले, त्या बाजूचं आलं की या बाजूच्यांवर. सुरुवातीला सगळेच असे होते. मग दोन-तीन आठवड्यांत काय झालं कळलं नाही. लोक अर्ध्याच विनोदांवर हसायला लागले. कोण कशावर हसला नाही, यावर नजर ठेवली जाऊ लागली. पंचवीस वर्षं एका खोलीत बसून पेपर तपासलेल्या दोन शिक्षकांनी एकमेकांना ग्रुपमधून काढून टाकलं. मग ते दोघे बँकेच्या रांगेत भेटले तेव्हा एकाने चष्मा पुसायला घेतला आणि दुसऱ्याचा नंबर येईपर्यंत तो पुसतच राहिला.

माझं माहेर चांदूर बाजारचं. संत्र्याची बाग होती, आहे. वडील आणि त्यांचे मित्र गुलाबराव आयुष्यभर दोन वेगळ्या पक्षांचे. वऱ्हाडी माणसाची जीभ तिखट, हे सांगायला नको. गुलाबराव पारावर बसून माझ्या वडिलांच्या उमेदवाराची अशी काही टर उडवायचे की रस्त्याने जाणारा बैलगाडी थांबवून ऐकायचा. पण ज्याची उडवायची तो समोर बसलेला असायचा. त्याचा चेहरा दिसायचा. फार लागलं असं दिसलं की गुलाबरावच म्हणायचे, “बस झालं आता, बाप्पा, चहा सांगा.” तेव्हाचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हाही जात पाहूनच मतं पडायची आणि पारावर बाईमाणसाला बसायला जागा नव्हती. पण टवाळी करणाऱ्याला तो चहा समोरच्याबरोबरच प्यावा लागे. फोनवर टवाळी करणारा कुठे बसून चहा पितो, आपल्याला काय माहीत.

हे सगळं मी शहाणपणाने लिहिते आहे. त्या चैत्रात मी अजिबात शहाणी नव्हते.

त्या व्हिडिओच्या सकाळी चीक माझ्या घरचा होता. रमजान चालू होता, हमीदाचा रोजा. तिची वाटी आम्ही झाकून ठेवायचो, ती संध्याकाळी घरी न्यायची. बेबी हाटत होती. मी नुकतंच फोनमध्ये फोटोवर अक्षरं कशी टाकायची ते शिकले होते आणि नव्या घड्याळाचं अप्रूप असावं तसं मला त्याचं झालं होतं. ‘बेबी, यंदा मत कुणाले?’ असं विचारत मी फोन तिच्यासमोर धरला. खरं तर चिकाच्या भांड्याजवळ वाकडं बोलू नये, चीक फुटतो, असं आम्ही म्हणतो. म्हणून तिथे आम्ही कधी राजकारण आणत नसू. ती मर्यादा मी ओलांडली. बेबीने नुसतं उत्तर दिलं.

“मत मी देईन, पन सांगनार नाई. नवऱ्यालेबी सांगत नाई मी,” ती म्हणाली. कलथा फिरत होता. “एकाले हार घातला त त्याले वाटते आपुन देव झालो. दुसऱ्याले नाई घातला त त्याले वाटते आपुन मेलो. मी हार करतानी नाव नाई इचारत बाई, गळ्याचं माप इचारते. झेंडू दोघायलेबी तोच. सोमवारी महादेवाले जाते तो गुलाब, आन् गुरुवारी दर्ग्यावर चादरीत जाते तोबी त्याच वाफ्यातला. आन् सभा झाली का दोघायचेबी हार मोर्णेच्या काठी पडेल राह्यते. बकऱ्या खाते.”

सोऱ्या धरून बसलेली हमीदा म्हणाली, “और मेरे को कौन हार डालेगा?”

“तुले मी घालीन वं. पयले सोऱ्या फिरव.”

आणि मग तिघी हसतो. कॅमेरा हलतो, माझा आवाज येतो, “अजून बोल वं बेबी, अजून बोल.” इथे व्हिडिओ संपतो.

दुपारी कूलरसमोर बसून मी त्यातलं एक चित्र थांबवून घेतलं. कलथा उगारलेला, डोळे बारीक. त्यावर पिवळ्या अक्षरांत टाकलं, ‘एकाले हार घातला त वाटते देव झालो!’ पुढचं सगळं सोडून दिलं. पुढचं लांबलचक होतं, चित्रात बसत नव्हतं. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर मी स्वतःला फार वेळा सांगितलं की वाईट लोकांनी तिचं बोलणं कापलं. पहिली कात्री माझी होती. मी ते तीन ग्रुपांवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. निवृत्त झाल्यापासून इतक्या लोकांनी एका दिवसात माझी दखल घेतली नव्हती. बेबीलाही दाखवलं. ती लाजली, म्हणाली, “थोबाड पाहा माहं! पदर त नीट घेऊ द्याचा होता, मॅडम.”

चार दिवसांत ते चित्र फिरून परत आलं. आता त्यात बेबीच्या बाजूला एका पुढाऱ्याचा फोटो होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपवर दुसऱ्या पुढाऱ्याचा. मला गंमत वाटली. मध्येच ईद झाली. हमीदाने शीरखुर्मा पाठवला, आणि सोऱ्याही परत आणून ठेवला, कारण बेबीच्या घरच्या कुरोड्या अजून व्हायच्या होत्या.

मग तिवस्याला लग्न होतं, माझ्या चुलतभावाच्या मुलीचं. मांडवात पंगतीआधी माझा धाकटा भाऊ फोन नाचवत आला. भोवती आमचे सगळे नातेवाईक. “ताई, हे तुमच्या गल्लीतली व्हय ना? वाघीन हाय वाघीन!” फोटो तोच. माझाच. कलथा, धूर, बारीक डोळे. पण पिवळी अक्षरं वेगळी होती. ‘आपला झेंडू फक्त आपल्या मान्सायले. त्यायच्या मोहल्ल्यात एक पाकळी जानार नाई.’

मी दोनदा वाचलं. ते वाक्य बेबीचं नव्हतं, पण बोली तिचीच होती. खोटं लिहिणाऱ्याने वऱ्हाडी मात्र चोख लिहिली होती. म्हणजे तो दिल्लीत किंवा मुंबईत बसलेला कुणी पगारी माणूस नव्हता. तो कुरोडी खाणाराच कुणीतरी होता, त्याच मांडवातलाही असू शकेल.

आणि मी काय केलं? तीस वर्षं रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार लिहिणाऱ्या बाईने काय केलं? भाऊ इतका खूश होता, मामा पाठ थोपटत होते, कुणीतरी म्हणालं, “अशा बाया पाह्यजे आता.” दोन शब्द पुरले असते. हे खोटं आहे. हा फोटो मी काढला. पण त्या दोन शब्दांनंतर मांडवात काय होईल हे मला दिसलं. ‘म्हंजे ताई, तू त्यायच्या बाजूची काय?’ हा प्रश्न त्या उन्हाळ्यात घराघरांत विचारला जात होता, आणि एकदा तो विचारला गेला की माणसाकडे पुढच्या लग्नातही त्याच नजरेने पाहिलं जाई. मी हसले. “हो, आमच्याच गल्लीतली,” म्हणाले. मग पंगतीत बसले आणि वरण-भात, वांग्याची भाजी, सगळं व्यवस्थित जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदा आली. छतावर न येता जिन्याच्या खालीच उभी राहिली. “मॅडम, सोऱ्या दे दो. सेवैयाँ बनाना है.”

ईद होऊन गेली होती. शेवया कशाच्या? दोघींना ते माहीत होतं. मी सोऱ्या आणून दिला. तो तिने पोटाशी धरला. “मैं तो थी ना वहाँ. मेरे सामने बोली वो. मुझे मालूम है, उसने ऐसा नहीं बोला. पर मेरे घर में मैं किस-किस को समझाऊँ? सब बोलते, फोटो है, तेरे पास क्या है? तुमने तो पूरा निकाला था ना मॅडम. वो दे दो, मैं घर में बता देती.”

“डिलीट झाला गं,” मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की आधीच ठरवून ठेवलं असावं. हमीदाने मान हलवली आणि ती गेली.

बेबी आली ती संध्याकाळी. फुलांची टोपली रिकामी नव्हती, गुरुवारचे गुलाब तसेच होते. वीस वर्षं चादरीची फुलं नेणारा माणूस त्या दिवशी तिच्यासमोरून गेला आणि पलीकडच्या दुकानातून फुलं घेतली. “त्याले काय म्हनू मी?” बेबी म्हणाली. “त्याचाबी दोष नाई. त्याले पोरायनं दाखवलं असन. मॅडम, तुमी तो पुरा टाका ना फोनवर. तुमच्यापाशी हाय. माह्या तोंडानं बोलेल हाय त्याच्यात, दर्ग्याचं बी हाय. लोक आयकतीन त समजन त्यायले.”

तिला मी काय सांगितलं ते वेगळं लिहायला नको. तेच सांगितलं.

का सांगितलं, याची कारणं मी दोन वर्षांत पुष्कळ शोधली. पूर्ण व्हिडिओ टाकला असता तर काढणारी कोण ते कळलं असतं. माझा आवाज आहे ना त्यात, ‘अजून बोल वं’. भावाला कळलं असतं की लग्नात ताई खोटं हसली. एका बाजूने मला फितूर म्हटलं असतं, दुसऱ्या बाजूने म्हटलं असतं की आग हिनेच लावली, आणि दुसरं तर खरंच होतं. पण ही सगळी मागून जमवलेली कारणं आहेत. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते. आपल्या माणसांना घाबरले होते, ज्यांच्या मुंजी-लग्नांत मी पन्नास वर्षं वाढलं आहे त्यांना.

पुढचं बेबीच्या ठेल्यावर घडलं आणि मी ते खिडकीतून पाहिलं. बाहेरगावची तरुण मंडळी मोटरसायकलींवर यायची आणि फोन तिच्यासमोर धरून म्हणायची, “मावशी, तो डायलॉग मारा ना.” दुसऱ्या बाजूचीही चित्रं निघाली होती. त्यात बेबीच्या टोपलीत साप होते आणि खाली ‘फुलं विकते, विष वाटते’ असं होतं. तिला वाचता येत नाही हे बरं, असं मला वाटलं होतं. पण तिला वाचून दाखवणारे रोज येत होते.

आणि एक दिवस सत्कार झाला. गळ्यात रुमाल घातलेली पाच-पन्नास माणसं, शाल, नारळ. त्यांनी बेबीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार दुसऱ्या दुकानातून आणला होता, कारण जिचा सत्कार तिच्याकडूनच कसा घ्यायचा. बेबी सारखी म्हणत होती, “दादा, मी असं बोललीच नाई. मी नाई बोलली असं.” एक जण कौतुकाने म्हणाला, “पाहा, मावशी कशी लाजते!” सगळे हसले. फोटो निघाला. त्या फोटोत बेबीचे हात जोडलेले आहेत आणि तोंड उघडं आहे. ती ‘नाई’ म्हणते आहे, पण फोटोत आवाज नसतो. लोकांनी तो पुरावा म्हणून पाठवला. भावाने मलाही पाठवला. मी त्यावर जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं.

मतदानाच्या दिवशी ऊन असं होतं की शाळेच्या अंगणात उभं राहून चपलेतून पाय भाजत होते. माझीच जुनी शाळा. बायकांच्या रांगेत माझ्यापुढे सहा-सात जणी सोडून बेबी, तिच्यापुढे आणखी काही जणी सोडून हमीदा. दरवेळी आम्ही तिघी बरोबर जायचो आणि परत येताना रसवंतीवर उसाचा रस प्यायचो. त्या दिवशी प्रत्येकीने आपापलं बोट काळं करून घेतलं आणि आपापल्या वाटेने घरी गेली.

निकाल लागला. गुलाल उडाला, डीजे वाजला, हार पडले. कोण आलं आणि कोण पडलं हे इथे सांगायची गरज नाही. कुणीही आलं असतं तरी माझ्या गल्लीत जे झालं ते झालंच होतं. आणि सगळ्यांत कडू गोष्ट ही की, तीन आठवड्यांत ते चित्र मेलं. कुणाला आठवेना. नवी चित्रं आली, नव्या बायका आल्या, नवी गाढवं आली. पुढच्या दिवाळीत भावाला मी म्हटलं, ‘ती फुलवाली आठवते?’ तर तो म्हणाला, “कोनती वं?” ज्यांनी ते पाठवलं त्यांच्याकडून ते पुसलं गेलं. ते राहिलं फक्त गल्लीच्या तोंडाशी, जिथे आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो. बेबीने फुलं सोडली. झेंडूच्या तुकड्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावली आणि दूरदूरच्या आठवडी बाजारांना जाऊ लागली, जिथे तिला कुणी ओळखत नाही. हमीदाची आणि तिची गाठ पडते की नाही मला माहीत नाही. त्यांच्यामधला निरोप्या मी होते.

आणि व्हिडिओ होताच. मी तो पुसला का नाही? दहा वेळा अंगठा तिथपर्यंत नेला. पुसला असता तर निदान माझं सांगणं मागाहून तरी खरं झालं असतं. तेवढीही हिंमत झाली नाही.

तर यंदाच्या त्या सकाळी फुगे विझले, मी कसाबसा चीक उतरवला, पहिली वाटी भरली. दूध-साखर घातली, कारण बेबीला तशी आवडते. वर ताटली झाकली आणि फोन घेऊन निघाले. हाटणारी मीच होते, म्हणजे वाटी माझीच होती. पण ते काही खरं नाही. त्या भांड्याची पहिली वाटी दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

बेबी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. “या मॅडम,” म्हणाली, पाट सरकवला, पाणी दिलं. दोन वर्षांत केस पांढरे झालेत. मी फोन तिच्यासमोर धरला आणि व्हिडिओ लावला. तिने तो पूर्ण पाहिला. बकऱ्यांच्या जागी ती जराशी हसली. हमीदाचा आवाज आला तेव्हा जुडीवरचा तिचा हात थांबला. संपल्यावर म्हणाली, “परत लावा.” परत लावला.

मग तिने जुडीला गाठ मारली. “मले मालूम होतं,” ती म्हणाली. “डिलीट झाला म्हनतानी तुमी फोन पदराखाली घेतला होता.”

“बेबी, मी आज टाकते. सगळ्या ग्रुपांवर टाकते. माझं नाव घालून.”

“आता काहून?” तिने विचारलं. आवाज चढला नाही. “आता कोनाले दाखवता? तवा गुरुवारचे गुलाब सडून राह्यले होते माह्या टोपलीत. आता टाकसान त तुमाले हलकं वाटन. मले काय?” आणि पुढची जुडी हातात घेत, “नका टाकू. पुन्हा कोनी कापन.”

मी रडले. तिने रडू दिलं, समजूत काढली नाही. उठताना मी वाटी पुढे केली. तिने ताटली उचलून पाहिलं.

“गुठळ्या राह्यल्या. हाटला नाई नीट,” ती म्हणाली, आणि वाटी घेऊन आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर माझी वाटी होती. राखेने घासून लख्ख केलेली, ताटलीने झाकलेली. मी खाली बसून ताटली उचलली. आत काही नव्हतं.